लेखकाला मुक्कामाला बोलवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात डोंबिवलीच्या एका वाचकाचं पत्र वाचलं. हल्लीचे लेखक संमेलनं, महोत्सव, व्याख्यानमाला यांतच रमलेले असतात, उरलेला वेळ गावोगावच्या मित्रांकडे पाहुणचार घेत हिंडतात, त्यापेक्षा घरी बसून लिहितील तर मराठी कादंबरीचं भलं होईल, असा त्या पत्राचा सूर होता. पत्र पोटतिडकीने लिहिलं होतं, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. मी कादंबऱ्या लिहिते. ठाण्यात चरईत राहते. उभं आयुष्य बँकेतली नोकरी सांभाळून पहाटे लिहिलं, निवृत्तीनंतर दिवसाउजेडी लिहायला मिळतंय. आणि हो, मी फिरते. मित्रमैत्रिणींकडे जाऊन राहते, बोलावलं तर कार्यक्रमांनाही जाते.

कार्यक्रमांतून लेखकाच्या हाती फार थोडं लागतं, हे त्या वाचकांचं म्हणणं बरोबर आहे. पण तो दोष फिरण्याचा नाही. आपण कार्यक्रम ज्या तऱ्हेने करतो, तिथे तो आहे. निमंत्रण येतं, त्यात दिवस एकच असतो. दुपारी पोहोचायचं, लॉजवर हातपाय धुवायचे, साडेपाचला दीपप्रज्वलन. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, देणगीदारांचे सत्कार, कोणा पदाधिकाऱ्याचं लांबलेलं मनोगत, आणि लेखकाच्या वाट्याला उरलेली वीस-पंचवीस मिनिटं. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. आभार प्रदर्शन. परतीचं तिकीट संयोजकांनी आधीच काढलेलं असतं, त्यामुळे सभागृहातून थेट स्टेशन. मागच्या रांगेत कुणीतरी पुस्तक हातात घेऊन उभं असतं, त्याला काहीतरी विचारायचं असतं, आणि गाडीची वेळ झाली म्हणून कार्यकर्ते मला दंडाला धरून बाहेर काढत असतात. हे मी वर्षानुवर्षं सोसलंय आणि दर वेळी जीव तुटलाय.

कवीचं आणि नाटककाराचं तेवढ्यात भागू शकतं. कवी व्यासपीठावरून कविता म्हणतो, समोरून दाद येते, देणंघेणं तिथेच पुरं होतं. नाटककार गडकरी रंगायतनच्या शेवटच्या रांगेत काळोखात बसून प्रेक्षक कुठे हसतो, कुठे खोकतो ते ऐकू शकतो. कादंबरी माणूस एकट्याने वाचतो. अंथरुणात, लोकलच्या खिडकीशी, दवाखान्याच्या बाकावर. त्या वाचणाऱ्याला आम्ही कधी बघत नाही. आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं त्या माणसांचं तर विचारूच नका. ती सभागृहात येतच नाहीत. त्या वेळी ती शेतावर, गिरणीत, दुकानात किंवा चुलीपुढे असतात. त्यांच्यापर्यंत जायचं तर कुणाच्या तरी घरी उतरावं लागतं. मित्र असावे लागतात, आणि त्यांच्याकडे राहायला सवड लागते.

हे असं मोघम सांगून पटणार नाही, म्हणून एक प्रसंग लिहिते.

फेब्रुवारी 2024 मध्ये अमळनेरला 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. रवींद्र शोभणे अध्यक्ष होते. साने गुरुजी जिथे शिक्षक होते ते हे गाव, त्यामुळे जायची ओढ होतीच. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर. आम्हा ठाणेकरांना सोयीचं म्हणजे जळगावला उतरायचं आणि पुढे एसटी धरायची. संमेलनात मी एका परिसंवादाला श्रोता म्हणून बसले. वक्ते पुष्कळ, वेळ कमी, अध्यक्षांची घंटा सारखी वाजत होती. बोलणारे जाणते होते, पण कुणाचंही म्हणणं शेवटाला गेलं नाही. त्यातलं आज मला फारसं आठवत नाही.

आठवतंय ते संमेलनानंतरचं. माझी एक मैत्रीण अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यात असते, शाळेत मराठी शिकवते, कविता लिहिते. तिच्याकडे मी पुढे काही दिवस राहिले. वांग्यांचा हंगाम सरत आला होता. तिच्या सासूबाईंनी अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ करून भरताची वांगी भाजली. पऱ्हाट्या म्हणजे कापूस निघाल्यावर उरलेली वाळकी झाडं. मला म्हणाल्या, ‘बठ व माय,’ आणि पाट पुढे सरकवला. कळण्याची भाकरी, भरीत, कच्चा कांदा. जेवताना त्यांनी विचारलं, लिहायचे पैसे मिळतात का, आणि मिळत असतील तर ते कुणाच्या नावावर जमा होतात? आजवर कुठल्याही समीक्षकाने मला हा प्रश्न विचारलेला नाही.

दुसऱ्या दिवशी शेतात गेलो. फरदडची, म्हणजे हंगाम संपल्यावरही न उपटता ठेवलेल्या कापसाची, वेचणी चालू होती. फरदड घेऊ नका, त्याने गुलाबी बोंडअळी वाढते, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. पण विहिरीला पाणी असलं आणि झाडाला चार बोंडं दिसत असली की शेतकऱ्याला ते उपटवत नाही. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. संध्याकाळी निंबाच्या फांदीला काटा अडकवला आणि प्रत्येकीचं गाठोडं तोलायला सुरुवात झाली. मजुरी किलोवर. मालकाचा मुलगा आकडा मोठ्याने सांगत होता आणि आपल्या वहीत टिपत होता. जरा बाजूला, बांधावर, सातवी-आठवीतली एक मुलगी बसली होती. तिच्या मांडीवर शाळेची चौकटीची वही होती. मुलगा आकडा बोलला की तीही लिहायची. ती मजूर बायकांपैकी एकीची मुलगी. आईच्या गाठोड्याचा आकडा तर ती लिहीतच होती, पण सगळ्या बायकांचेही लिहीत होती. आठवड्याच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा मालकाची वही आणि हिची वही शेजारी ठेवून बेरीज बघतात, असं मैत्रिणीने सांगितलं. पूर्वी फरक पडायचा, आता पडत नाही.

त्या वेळी माझी एक कादंबरी अडलेली होती. भाऊ आणि बहीण, वडिलांची जमीन, बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही. बहिणीचा अविश्वास मला दाखवायचा होता. लिहायला घेतलं की ती भांडखोर तरी व्हायची नाहीतर केविलवाणी. बांधावरची ती मुलगी बघितल्यावर माझ्या बहिणीला काय करायला लावायचं ते मला कळलं. ती भांडणार नाही, रडणार नाही. ती लहानपणापासून एक वही ठेवत आलेली असेल. ते प्रकरण मी मैत्रिणीच्या माळवदावर बसून लिहायला घेतलं आणि ठाण्याला परत यायच्या आत हातावेगळं केलं.

आता सांगा, हे चरईतल्या टेबलाशी बसून मला कसं मिळालं असतं? आणि संमेलनाच्या मंडपातून थेट जळगाव स्टेशन गाठलं असतं तर?

यात एकटी मीच नाही. पारनेर तालुक्यातले एक कादंबरीकार माझे जुने स्नेही आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात. वाशीच्या साहित्य मंदिर सभागृहात त्यांचं भाषण होतं. संयोजक रात्री त्यांना पुण्याच्या गाडीत बसवून देणार होते. मी म्हटलं, सर, राहा एक दिवस. त्यांनी संकोचत सांगितलं की खरं तर त्यांना वाशीचं कांदा-बटाटा मार्केट बघायचं होतं, पण ते कुणाला सांगायचं? संयोजकांना विचित्र वाटेल म्हणून ते गप्प राहिले होते.

माझा भाचा कोपरखैरण्याला राहतो. आम्ही त्याच्याकडे मुक्काम केला. त्याच्या शेजारी सातारा जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातले, त्याच मार्केटात हमाली करणारे एक माथाडी कामगार राहतात. रात्री गॅलरीतच बोलणं झालं. ते म्हणाले, ‘पाव्हणं, मग पहाटं चला की माझ्याबरोबर.’ आणि आम्ही गेलो. अंधारात गाळ्यांपुढे ट्रक लागलेले, हवेला कांद्याचा उग्र दर्प, पायाखाली पाल्याचा आणि टरफलांचा चिखल. वरचा माणूस ट्रकमधून गोणी पुढे ढकलतो, खालचा अंदाजाने एक पाय मागे टाकतो आणि ती मानेवर घेतो. हातात लोखंडी आकडा. गोणी मानेवर आल्यावर त्या माणसाचा चेहरा बदलत नाही, पण गळ्याजवळची शीर टरारून वर येते. सर कितीतरी वेळ ती शीर बघत उभे होते.

नंतर चहाच्या टपरीवर त्यांनी सांगितलं. त्यांच्या लहानपणी गावचा कांदा मुंबईला जायचा आणि काही दिवसांनी ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर वडिलांच्या नावाची पट्टी यायची. वर गोण्या, वजन, भाव. खाली गाडीभाडं, आडत, हमाली, तोलाई, वाराई, एकेक वजा होत जायचं, आणि तळाशी हाती येणारी रक्कम. वडील पट्टी दिव्याखाली धरून तो वजा होणारा भाग पुन्हा पुन्हा वाचायचे आणि संतापायचे. मुंबईत कुणीतरी बसून आपलं रक्त पितंय, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि मुलाचीही झाली. त्या पहाटे, त्या वजा होणाऱ्या ओळींपैकी एक माणूस सरांच्या समोर बशीत चहा ओतून पीत होता. जावळीतल्या आपल्या वरकस जमिनीबद्दल बोलत होता, भात यंदा रानडुकरांनी खाल्लं म्हणून हळहळत होता. माथाडी कायदा 1969 साली आला, मंडळ झालं, हजेरी, प्रॉव्हिडंट फंड, राहायला घर मिळालं. त्याआधी या माथाडी कामगारांचे वडील मशीद बंदरला गोदीलगतच्या गोदामांत हमाली करायचे आणि फुटपाथवर झोपायचे, हेही त्यांनी सांगितलं.

सरांची कांद्यावरची कादंबरी तेव्हा निम्मी झाली होती. त्यात शेतकऱ्याचं घर होतं, अडत्या होता, हमाल नव्हता. आता आहे. खर्डा मी वाचलाय, आणि माझ्या मते त्या पुस्तकातला सगळ्यात जिवंत माणूस तोच आहे. साहित्य मंदिरातलं सरांचं भाषण उत्तमच झालं होतं. पण नवी मुंबईने त्यांना खरं जे दिलं ते त्या पहाटे, आणि ते संयोजकांच्या कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हतं.

आपल्या ठाण्याचा अनुभव सांगते. डिसेंबर 2010 मध्ये दादोजी कोंडदेव क्रीडागृहात 84 वं संमेलन भरलं, उत्तम कांबळे अध्यक्ष होते. त्याआधी 1988 मध्येही ठाण्यात संमेलन झालं होतं, वसंत कानेटकरांच्या अध्यक्षतेखाली, पण तेव्हा मी नोकरीत आणि लहान मुलांत पुरती बुडालेली. 2010 ला मात्र आमचं घर भरून गेलं. नांदेड, कोल्हापूर, सावंतवाडी, चंद्रपूर. ज्यांना ज्यांना मी ओळखत होते त्यांना आधीच कळवलं होतं की लॉज शोधू नका. हॉलमध्ये सतरंज्या, बाल्कनीत एक गादी, सकाळी मोरीपुढे रांग, आणि गॅसवर मोठ्या पातेल्यात चहा. दिवसभर सगळे मंडपात, आणि रात्री जेवणं उरकल्यावर जी बैठक बसायची ती पहाटेपर्यंत. चंद्रपूरच्या बाईंनी कोळशाच्या खाणीजवळच्या घरांत कपडे वाळत घालायची काय तऱ्हा असते ते सांगितलं. वाऱ्याची दिशा बघून दोरी बदलायची. सावंतवाडीचे गृहस्थ शिमग्यातल्या खेळ्यांच्या सोंगांबद्दल बोलले. नांदेडच्या एका तरुण मुलाने आपलं लिखाण वाचून दाखवलं, आणि कोल्हापूरच्या ज्येष्ठ लेखकांनी त्याला दोन तास बसवून वाक्यं तोडून दाखवली, कुठे शब्द जास्त झालाय, कुठे माणूस खोटं बोलतोय. त्या मुलाचं पुस्तक पुढे आलं, चांगलं निघालं. संमेलनाच्या इतिहासात त्या रात्रींची नोंद कुठे असणार? पण संमेलनं मला हवीशी वाटतात ती त्यासाठीच. ज्यांना संमेलनं बंद व्हावीत असं वाटतं त्यांनी याचा विचार करावा.

वाचनालयांबद्दल मला जास्त कळकळ आहे. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर 1828 चं. दीडदोनशे वर्षं लोक वर्गणी भरून पुस्तकं घरी नेतायत, अशी किती ठिकाणं असतील? कादंबरीकाराचा वाचक तिथे सापडतो. कोकणातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल बाईंनी माझ्या जुन्या कादंबरीची प्रत कपाटातून काढून हातात दिली. बांधणी दोनदा केलेली, शेवटच्या पानावरचा तारखांचा कागद भरून त्यावर दुसरा चिकटवलेला. आत एका पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘आमच्या काकूचं असंच झालं. पण ती परत आली.’ त्या प्रसंगात माझी नायिका घर सोडून जाते आणि परत येत नाही. पुस्तकात असं लिहिलेलं ग्रंथपालांना खपत नाही, त्या ओशाळल्या, रबर शोधायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. अक्षर त्यांच्या ओळखीचं होतं. त्यांनी फोन करून विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वाचक आजींनी मला घरी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी! म्हणजे मी त्या गावात होते म्हणून. तिथल्या मित्राने आग्रहाने ठेवून घेतलं होतं म्हणून. आजींच्या पडवीत बसून मी ती काकूची हकिगत ऐकली: ती का गेली, कुठे राहिली, आणि परत आल्यावर सोप्यात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा घरातल्या कुणीही काहीच न बोलता तिच्यापुढे ताट कसं वाढलं. मला अजून त्यावर लिहायचं धाडस झालेलं नाही. पण लिहीन तेव्हा ती माझी सगळ्यात चांगली गोष्ट असेल, एवढं मला माहीत आहे.

मे 1878 मध्ये पुण्याला हिराबागेत न्यायमूर्ती रानडे यांनी पहिली ग्रंथकार सभा भरवली, तिचं आवाहन ‘ज्ञानप्रकाश’ या वर्तमानपत्रातून झालं होतं. आजच्या संमेलनांची ती सुरुवात. आणि 1885 च्या सभेचं निमंत्रण आलं तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून यायला नकार दिला. शूद्रातिशूद्रांना काय भोगावं लागतं हे या वरच्या मंडळींच्या ग्रंथांत येणार कुठून, असा त्या पत्राचा रोख होता. ते पत्र मी अधूनमधून काढून वाचते. एका सभागृहातून दुसऱ्या सभागृहात जाणाऱ्या लेखकाला ते आजही लागू आहे, आणि घरात बसून राहणाऱ्या लेखकाला तर अधिकच लागू आहे.

आता खर्चाचं. लेखकाला फिरणं परवडत नाही, हे उघड बोललं जात नाही. रेल्वेने मार्च 2020 मध्ये ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत बंद केली, ती परत आलेली नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि मला जणू महाराष्ट्र पुन्हा मोकळा झाला. खोपट डेपोतून सुटणारी लांबची गाडी पकडताना आता मी हिशेब करत बसत नाही. पण माझ्या वयाच्या पुरुष लेखकाला, पासष्टी गाठेपर्यंत, पूर्ण भाडं. तरुण लेखकाचे तर हालच. त्याला रजा मिळत नाही, मिळाली तर बिनपगारी, आणि प्रवासखर्च ‘नंतर देतो’ म्हटल्यावर तो मागायला लाजतो. एका संस्थेने मला आणि एका नवोदित लेखिकेला एसटी स्टँडवरच्या अशा लॉजमध्ये उतरवलं होतं की खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. आम्ही दोघींनी दाराला टेबल लावून रात्र काढली. ती मुलगी त्यानंतर परगावच्या कार्यक्रमाला गेलेली नाही, आणि मी तिला आग्रह करू शकत नाही. त्याच गावात तिचं पुस्तक वाचलेली किती घरं असतील. एकाही घरात तिची सोय झाली नसती का?

संस्थांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. ग्रंथालयांना 1967 च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, त्यात पगार आणि पुस्तकखरेदी भागवता भागवता नाकी नऊ येतात. व्याख्यानमाला देणग्यांवर चालते, आणि देणगीदाराला फलकावर नाव हवं असतं, व्यासपीठावर खुर्ची हवी असते. म्हणून मी मानधन वाढवा म्हणत नाही. मी म्हणते, शाल नको, श्रीफळ नको, ते काचेचं स्मृतिचिन्ह तर नकोच नको. आमच्या घरी ती ठेवायला जागा उरलेली नाही आणि त्यांवरची नावं वाचून मला त्या गावातला एकही चेहरा आठवत नाही. तो पैसा प्रवासखर्चाला लावा आणि तो पोहोचल्याबरोबर हातात द्या. कार्यक्रम संध्याकाळी असेल तर लेखकाला आदल्या दिवशी बोलवा, किंवा दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या. आधी त्याला विचारा की आमच्या गावात तुम्हाला काय बघायचंय, कुणाला भेटायचंय. त्याला बाजार समिती बघायची असेल, जुनं वसतिगृह बघायचं असेल, मासे वाळवायचं खळं बघायचं असेल. बरोबर एक माणूस द्या, मोटारसायकलवाला असला तरी चालेल. सकाळी वाचनालयात, भाषण वगैरे काही न करता, तासभर नुसतं बसू द्या; ज्यांनी पुस्तक वाचलंय ते येतील. आणि जमेल तर लॉजऐवजी वाचकाचं घर द्या. ज्यांना घरात संकोच वाटतो त्यांना अर्थातच लॉज, पण दाराला कडी असलेलं.

त्या डोंबिवलीकर वाचकांना माझं सांगणं इतकंच: तुमच्या गावात फेब्रुवारी 2017 मध्ये सावळाराम महाराज क्रीडासंकुलात संमेलन झालं, अक्षयकुमार काळे अध्यक्ष होते. त्या दिवसांत तुमच्या ओळखीच्या कुणा घरी बाहेरगावचा लेखक उतरला होता का, हे आठवून बघा. उतरला असेल तर त्या घरच्यांशी बोला, आणि मग ठरवा आम्ही घरीच बसावं की नाही.

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या ज्या संस्था यंदा बाहेरगावच्या लेखकांना बोलावणार आहेत त्यांच्यासाठी: आमच्याकडे मुलीच्या लग्नानंतर एक खोली रिकामी आहे. स्टेशनपासून चालत जेमतेम पंधरा मिनिटं, तलावपाळीजवळ. जेवण घरचं, साधं. घरात आम्ही दोघंच. यजमानांनाही पाहुणे आवडतात. लेखिका असो, लेखक असो, नाव झालेला असो वा पहिलंच पुस्तक असो, आधी आठवडाभर कळवलंत तर दोन-तीन दिवस राहायची सोय मी आनंदाने करीन आणि जिथे जायचं असेल तिथे बरोबरही येईन. कोपरखैरणे, ऐरोली, नेरूळ, पनवेल इथे माझ्या ओळखीची आणखी काही घरं तयार आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालेलं आहे. माझा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयात आहे. विचारणा करणाऱ्या संस्थांना तो जरूर द्यावा, ही विनंती.

कळावे,
एक कादंबरीकार
चरई, ठाणे (प.)
(नाव प्रसिद्ध करू नये.)